अणुविजेचा वायदा आणि व्यापाऱ्याचा हिशेब

व्यापारात वायद्याला अर्थ येतो तो तीन गोष्टींमुळे. माल कधी मिळणार, कोणत्या भावाने मिळणार आणि वायदा मोडला तर नुकसान कोण भरणार. या तीन गोष्टी ठरलेल्या नसतील तर आपण त्याला सौदा म्हणत नाही, गप्पा म्हणतो. गेल्या सत्तर वर्षांत जगाच्या बाजारात असाच एक फार मोठा वायदा झाला. अणुशक्तीपासून स्वस्त आणि भरपूर वीज मिळेल, गरीब देशांची गरिबी हटेल, कारखाने रात्रंदिवस चालतील, असे सांगितले गेले. तो वायदा कसा झाला, किती पाळला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज तपासण्याचे कारण आहे.

कारण असे की फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये ठेवले आणि त्यापैकी निदान पाच २०३३ पर्यंत चालू करू असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने नवा कायदा मंजूर करून हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही खुले केले. म्हणजे दुकान पुन्हा उघडले आहे आणि नवा माल मांडला जात आहे. आपण कापडवाले लोक. नवा माल पाहण्याआधी त्या पेढीचा जुना व्यवहार कसा होता, याची चौकशी करणे ही आपली रीत आहे.

कोणी म्हणेल, हा विषय शास्त्रज्ञांचा आणि सरकारचा, भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध सरळ आहे. माग विजेवर चालतो, सायझिंग विजेवर चालते, शिवणयंत्र आणि सुताराची रंधायंत्रेही विजेवर चालतात. वीजबिल वाढले की सर्वात आधी लहान कारखानदाराचा नफा जातो, मग मजुराची पाळी जाते. विजेचा चुकीचा सौदा दिल्लीत झाला तरी त्याची वसुली आपल्या गाळ्यातल्या मीटरवरून होते.

सुरुवात कशी झाली?

हिरोशिमा आणि नागासाकीवर १९४५ मध्ये बाँब पडले तेव्हा जगाने अणूची विनाशशक्ती पाहिली. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात भाषण करून हीच शक्ती शांततेच्या कामाला लावण्याची योजना मांडली. पुढच्याच वर्षी तिथल्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी असे भाकीत केले की आपल्या मुलांच्या पिढीला घरात वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर बसवून मोजण्याचीही गरज पडणार नाही. हे वाक्य त्यांना जन्मभर आणि मृत्यूनंतरही चिकटून राहिले.

रशियाने ओब्निन्स्क येथे १९५४ मध्ये लहान केंद्र सुरू केले, ब्रिटनने १९५६ मध्ये कॅल्डर हॉल आणि अमेरिकेने १९५७ मध्ये शिपिंगपोर्ट. जगात एक उमेद निर्माण झाली. आमच्या उर्दू शाळेत अणुऊर्जेला ‘जौहरी तवानाई’ म्हणत, आणि हे शब्द मास्तरांच्या तोंडी अशा थाटात येत की जणू गरिबीवरचा इलाज सापडलाच आहे. त्या उमेदीला आज हसणे सोपे आहे, पण ती खोटी नव्हती. युरेनियमच्या ज्या प्रकाराचे विखंडन होते त्याच्या एक किलोत सुमारे अडीच ते तीन हजार टन कोळशाएवढी उष्णता असते. हे शास्त्र खरे आहे. चूक झाली ती हिशेबात.

हिशेब कुठे चुकला?

समजा सूत जवळजवळ फुकट मिळू लागले. मग कापड फुकट होईल का? होणार नाही. माग विकत घ्यावा लागेल, गाळा बांधावा लागेल, कर्जाचा हप्ता भरावा लागेल, कारागिराला मजुरी द्यावी लागेल. आणि ते फुकट सूत विणण्यासाठी जर साध्या मागाच्या दहापट किमतीचा माग लागत असेल, तर कापड महागच पडेल. अणुविजेत नेमके हेच झाले. इंधनाचा खर्च थोडा, पण ते इंधन सांभाळणारी भट्टी, तिच्याभोवतीची जाड भिंत, पाण्याच्या आणि सुरक्षेच्या दुहेरी-तिहेरी व्यवस्था यांचा खर्च प्रचंड. विजेचा भाव इंधनावर ठरत नाही, अडकलेल्या भांडवलावर ठरतो.

आणि भांडवल अडकले की वेळ हा सर्वात महाग माल होतो. बँकेच्या व्याजाबद्दल आपले मत काहीही असो, हिशेबात ते येतेच. दहा लाख रुपये बारा टक्क्यांनी उचलून यंत्र मागवले आणि ते सहा वर्षे उशिरा सुरू झाले, तर चक्रवाढीने देणे पावणेवीस लाखांच्या घरात जाते आणि अजून एक मीटर कापडसुद्धा निघालेले नसते. अणुकेंद्रात हीच गोष्ट हजारो कोटींच्या रकमेवर घडते.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या भावाची. १९६३ पासून अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी सुरुवातीची डझनभर केंद्रे ठरावीक किमतीत पूर्ण बांधून देण्याचे सौदे केले. त्यात त्यांनी मोठा तोटा सोसला, कारण बाजार काबीज करायचा होता. आपल्याकडेही नवा छापखाना पहिली काही थाने तोट्यात देतो. तो भाव पाहून जो गिऱ्हाईक वर्षभराचा अंदाज बांधतो तो फसतो. तिथल्या वीज कंपन्या तशाच फसल्या. पुढची केंद्रे खऱ्या खर्चाने बांधायची वेळ आली तेव्हा भाव अनेक पटींनी चढले.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले उदाहरण प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. तिथल्या सार्वजनिक वीजसंस्थांनी एकत्र येऊन पाच अणुकेंद्रे बांधायला घेतली. खर्चाचा अंदाज चढत चढत २४ अब्ज डॉलरच्या आसपास गेला. विजेची मागणी मात्र अंदाजाइतकी वाढली नाही. १९८३ मध्ये सव्वादोन अब्ज डॉलरच्या रोख्यांचे पैसे बुडाले. सुरक्षित म्हणून असे रोखे घेणाऱ्या सामान्य लोकांची पुंजी त्यात गेली. पाचपैकी एकच केंद्र पूर्ण झाले. अमेरिकेत २००० सालापर्यंत एक हजार अणुभट्ट्या असतील असे एकेकाळी सांगितले जात होते. प्रत्यक्षात त्या साली शंभरच्या थोड्या वर होत्या आणि मागणी नोंदवलेल्या शंभराहून अधिक रद्द झाल्या होत्या.

१९७९ मध्ये थ्री माईल आयलंड, १९८६ मध्ये चेर्नोबिल आणि ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा येथे अपघात झाले. प्रत्येक अपघातानंतर नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते, आणि खर्च आणखी वाढला. पण एक गोष्ट विसरू नये. वॉशिंग्टनच्या केंद्रांचे दिवाळे वाजले त्यात अपघाताचा हात फार थोडा होता. ते दिवाळे हिशेबाचे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यात जगाच्या विजेत अणुविजेचा वाटा साडेसतरा टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता, आता तो नऊ टक्क्यांच्या आसपास आहे.

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. डॉ. होमी भाभा यांनी १९४४ मध्येच टाटांच्या न्यासाला पत्र लिहून अणुसंशोधनासाठी संस्था उभारण्याची मागणी केली होती. १९४५ मध्ये ती संस्था उभी राहिली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने हे केले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

त्यानंतर उद्दिष्टे जाहीर होऊ लागली. १९६२ मध्ये डॉ. भाभांनी सांगितले की १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॅट अणुवीज असेल. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. विक्रम साराभाईंच्या काळात २००० सालासाठी ४३,५०० मेगावॅटचा आकडा मांडला गेला. १९८४ मध्ये तो १० हजार मेगावॅटवर आणला गेला. प्रत्यक्षात २००० साली देशाची अणुवीज क्षमता पावणेतीन हजार मेगावॅटच्याही थोडी खालीच होती. २०२५ मध्ये ती सुमारे ८,८०० मेगावॅट झाली आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे १९८४ साली २००० सालासाठी दिलेला वायदा २०२५ पर्यंतही पुरा झालेला नव्हता. एखाद्या आडत्याने असा माल दिला असता तर त्याच्याशी आपण दुसरा सौदा कोणत्या अटींवर केला असता?

याची कारणे सर्वस्वी आपल्या हातातली नव्हती, हेही इन्साफाने सांगितले पाहिजे. तारापूरची पहिली दोन केंद्रे अमेरिकन कंपनीने अमेरिकेच्या कर्जावर बांधली आणि ती १९६९ मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली. त्यानंतर कॅनडाने राजस्थानातल्या केंद्राचे साहाय्य थांबवले आणि अमेरिकेने १९७८ च्या कायद्यानंतर तारापूरचे इंधन रोखले. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले तेव्हा गाडी चालू राहिली. आपल्या अभियंत्यांनी सुटे भाग स्वतः बनवले, आणि ते सोपे काम नव्हते. पण यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडाही स्पष्ट आहे. ज्याचे सूत एकाच गिरणीतून येते त्याच्या मागाची किल्ली त्या गिरणीच्या हातात असते.

तारापूरची चांगली बाजूही सांगू. तिथल्या पहिल्या दोन संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॅट अशी कमी धरावी लागली, तरी त्यांनी महाराष्ट्र आणि गुजरातला अनेक दशके वीज दिली आणि ती देशातल्या सर्वात स्वस्त विजेपैकी होती. भांडवल फिटून गेल्यावर जुना माग जसा शुद्ध नफा देतो तसे ते झाले. कर्नाटकातल्या कैगा केंद्राचा पहिला संच २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालला. चालू झालेले केंद्र रात्रंदिवस चालते, धूर सोडत नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. जे लोक अणुविजेला सरसकट फसवणूक म्हणतात त्यांनी हा जमेचा रकानाही वाचावा.

पण त्याच वहीत खर्चाचा रकानाही आहे. सुरतेच्या कापडबाजारापासून फार दूर नसलेल्या काक्रापारच्या तिसऱ्या संचाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यापारी वीज मिळाली २०२३ मध्ये. कूडनकुळमचा करार १९८८ मध्ये झाला, काम २००२ मध्ये सुरू झाले, पहिला संच व्यापारी तत्त्वावर चालू झाला २०१४ च्या अखेरीस. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या नव्या प्रकारच्या अणुभट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले. ती २०१० पर्यंत पूर्ण व्हायची होती. २०२४ साल उजाडले तरी तिने एक युनिट वीज दिली नव्हती आणि साडेतीन हजार कोटींचा खर्च दुपटीवर गेला होता. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या थोरियमवर देश शेकडो वर्षे चालेल हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या थोरियमपर्यंत जाणारा रस्ता याच कल्पक्कमवरून जातो.

जैतापूरचा प्रश्न

२००८ मध्ये अमेरिकेशी अणुकरार झाला आणि परदेशी अणुभट्ट्यांचा मार्ग मोकळा झाला. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबन येथे फ्रेंच बनावटीच्या १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा प्रकल्प ठरला. डिसेंबर २०१० मध्ये करार झाला. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाच्या अपघाताला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि साखरी नाटे येथील एक तरुण मच्छीमार ठार झाला. नाट्याच्या मच्छीमारांचे म्हणणे साधे होते. केंद्राचे गरम पाणी समुद्रात सोडले जाणार आणि सुरक्षेसाठी समुद्राचा भाग बंद होणार, मग आमच्या होड्यांनी जायचे कुठे? त्यांचा धंदा समुद्रावर चालतो, जसा आपला बाजारात चालतो. भरपाईच्या यादीत सातबारा असणाऱ्याचे नाव सहज येते. ज्याची शेती पाण्यात आहे त्याच्याकडे कोणता उतारा?

आणि ज्या अणुभट्टीसाठी हे सारे घडले तिची गोष्ट पाहा. त्याच बनावटीचे फिनलंडमधले केंद्र २००५ मध्ये सुरू करून २००९ मध्ये पूर्ण होणार होते. ते २०२३ मध्ये नियमित चालू झाले. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल केंद्राचा खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या वर गेला आणि पाच वर्षांचे काम सतरा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये वीज देऊ लागले. बनवणारी फ्रेंच कंपनी तोट्यात बुडाली आणि तिचा अणुभट्ट्यांचा कारभार दुसऱ्या सरकारी कंपनीकडे गेला. जैतापूरला आजवर एकही अणुभट्टी उभी राहिलेली नाही. जमीन गेली, माणूस गेला, वीज आली नाही.

मग कोणालाच जमले नाही का? जमले. फ्रान्सने १९७४ मध्ये निर्णय घेतला, एकाच सरकारी कंपनीमार्फत एकाच ठशाची केंद्रे एकामागून एक बांधली आणि देशाची सुमारे ७० टक्के वीज त्यातून काढली. पुढे बनावट बदलली आणि बांधणाऱ्या हातांची सवय मोडली, तेव्हा तोच फ्रान्स अडखळला. आपले अनेक भाऊबंद ज्या आखातात रोजगाराला आहेत तिथे संयुक्त अरब अमिरातीने कोरियन कंपनीकडून बराका येथे चार संच बांधून घेतले. काम २०१२ मध्ये सुरू झाले, थोडा उशीर झाला, पण २०२४ पर्यंत चारही संच चालू झाले आणि देशाची सुमारे एक चतुर्थांश वीज ते देतात. कारागिराला हे समजावून सांगायला नको. एकच डिझाइन सतत विणणारा माग कापड स्वस्त काढतो. दर महिन्याला डिझाइन बदलणारा बीम बदलण्यातच संपतो.

जामीन कोण?

आता तिसरा प्रश्न, वायदा मोडला तर नुकसान कोण भरणार. भोपाळचा अनुभव लक्षात घेऊन २०१० च्या कायद्यात अशी तरतूद झाली होती की पुरवठादाराच्या सदोष मालामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याला त्याच्याकडून वसुली करता येईल. परदेशी कंपन्यांना ती नको होती. २०२५ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिलेली नाही, करारात लिहून घेतले असेल तरच वसुली. आपल्या बाजारात खराब रंगाचा माल आला तर छापखान्याला परत जातो. ज्याने माल बनवला त्याच्यावर जबाबदारी नाही असा नियम कापडालाही चालत नाही, मग अणुभट्टीला कसा चालावा?

भावाचे तसेच. इतर विजेचे दर नियामक आयोगापुढे सुनावणीला येतात. अणुविजेचा दर मात्र १९६२ च्या कायद्याने केंद्र सरकारच ठरवत आले. महाराष्ट्राने महागड्या कराराचा अनुभव आधी घेतला आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी वीज मंडळाने १९९३ मध्ये करार केला, १९९९ मध्ये वीज आली आणि २००१ मध्ये मंडळाला ती परवडेनाशी होऊन खरेदी थांबवावी लागली. तो प्रकल्प अणूचा नव्हता, पण करार न वाचता सही करण्याचे फळ तेच असते.

दरम्यान बाजार बदलला आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौरविजेची बोली दोन रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर गेली. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली, म्हणजे अणुविजेने २०४७ साठी धरलेला आकडा सौरविजेने आधीच गाठला. अर्थात सूर्य रात्री मावळतो आणि आपला माग रात्रपाळीतही चालतो. साठवणुकीचा खर्च धरल्याशिवाय दोन्हींची तुलना खरी होत नाही. म्हणून अणुविजेला जागाच नाही असे माझे म्हणणे नाही. जागा आहे, पण ती उधारीवर देऊ नये.

व्यापारी आणि कारागीर बांधवांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्यांचा स्वतःचा गाळा आणि पक्के छत आहे त्यांनी दिवसपाळीपुरता सौरविजेचा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा. २०४७ ची वाट पाहण्यात धंदा चालत नाही. दुसरी, राज्य वीज नियामक आयोग दरवाढीवर लोकांच्या हरकती मागवतो. आपल्या यंत्रमाग संघटनांनी मोर्चाबरोबरच तिथे आकड्यांसह लेखी हरकत द्यावी, महागडी वीज कोणत्या करारातून येते ते विचारावे. तिसरी, आपल्या राज्यात अणुकेंद्राचा कोणताही नवा करार होईल तेव्हा त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध घोषणा देण्याआधी तारीख, भाव आणि जामीन या तीन गोष्टी जाहीर करा अशी मागणी करावी. नाट्याच्या मच्छीमाराच्या वतीनेही हीच मागणी आहे, कारण त्याचे नुकसान या तिन्हींपैकी कोणत्याच रकान्यात आजवर लिहिले गेलेले नाही.

सत्तर वर्षांपूर्वी सांगितले होते की मीटरची गरज पडणार नाही. आपल्या गाळ्यातला मीटर अजून फिरतो आहे. पुढचा सौदा करणाऱ्यांनी निदान त्याच्याकडे एकदा पाहून सही करावी.